कोरड्या मुलखातली गुराब

दिवाळी आली की पुण्या-साताऱ्याकडे अंगणाअंगणातून किल्ले उठतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओली पोती, पोत्यांवर मातीचा लेप आणि लेपावर अळीव पेरून केलेली हिरवळ! आमच्या जालन्याकडेही ही हौस हळूहळू पोचली आहे. किल्ला बहुधा रायगड किंवा प्रतापगड असतो. एखादा धाडसी मुलगा सिंधुदुर्ग करतो, म्हणजे मोठ्या परातीत पाणी ओतून मध्ये किल्ला बसवतो. पण त्या पाण्यावर तरंगते काय, तर वहीचे पान दुमडून केलेली कागदाची होडी. ज्या राजाने भर समुद्रात किल्ले बांधले, त्याच्या आरमाराची आपण ही संभावना करतो, आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नाही. आमच्या डोळ्यांपुढे शिवशाहीचा घोडा येतो, भाला येतो, वाघनखे येतात. जहाज येत नाही. येणार कसे? ते दिसते कसे, हेच आम्हांला ठाऊक नसते.

या एका टोचणीपायी प्रस्तुत लेखकाने गेल्या दिवाळीनंतर एक उपद्व्याप आरंभला आणि या दिवाळीच्या आत तो तडीस नेला. मराठ्यांच्या आरमारातल्या गुराबेची लाकडी प्रतिकृती मी घरी बसून तयार केली. बोलता बोलता ‘तडीस नेला’ असे म्हणून गेलो, तोही शब्द पाण्याकाठचाच. तड म्हणजे काठ. पण तो विषय पुढे येईलच.

जालन्याच्या माणसाने जहाज बांधायला घेतले म्हटल्यावर जे व्हायचे ते झाले. सौ.ने एवढेच विचारले, की भुसा कोण झाडणार? आमचे इतिहासाचे प्राध्यापक मित्र म्हणाले, “अहो, इथे नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहणारी माणसे आपण! मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटरांवर. तुमचा आणि जहाजाचा संबंध काय?”

प्रश्न थट्टेचा होता, पण त्याचे उत्तर गंभीरपणे द्यावे असे मला वाटते. कारण संबंध आहे, आणि तो चांगला दोन हजार वर्षांचा आहे.

आमच्या जिल्ह्यातले भोकरदन घ्या. हेच प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर ज्या दात्यांची नावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसे आहेत. १९७०च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा एक भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्ती हाती लागली. इटलीतले पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. या दोन मूर्तींचे साम्य पाहून विद्वान चकित झाले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात तर स्पष्टच म्हटले आहे, की पैठण आणि तेर येथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेत असत. तेव्हा ज्या मालावर समुद्रातली जहाजे चालत, तो माल आमच्याकडच्या बैलगाड्यांतून गेला होता. बंदर समुद्राकाठी असते खरे. पण त्याचे पोट भरते ते मागच्या मुलखावर.

आणि भोकरदनहून सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जा. तेथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेले आहे. तीन उभी शिडे, नाळेवर डोळा, मागे सुकाणूची वल्ही, आणि आत ओळीने मांडलेले रांजण. समुद्र शेकडो मैल दूर, आणि पाचव्या शतकातला हा चितारी डोंगराच्या पोटात दिव्याच्या उजेडी जहाज काढतो आहे! या चित्राचे पुढे काय झाले, तेही सांगतो. २०२३ साली नौदल, सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात करार झाला, आणि त्या भिंतीवरच्या जहाजावरून खरे जहाज बांधायला घेतले. बाबू शंकरन या केरळी कारागिराच्या देखरेखीखाली फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या. खिळा म्हणून मारला नाही. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले आणि त्याला ‘आयएनएस कौंडिण्य’ हे नाव मिळाले. २९ डिसेंबर २०२५ला पोरबंदरहून निघून ते शिडांच्या बळावर १४ जानेवारी २०२६ रोजी, ऐन संक्रांतीला, मस्कतला पोचले. नकाशा नाही, मापे नाहीत, फक्त एक चित्र. आणि त्या चित्रातून समुद्र ओलांडणारे जहाज निघाले.

हे वाचून माझ्या मनाने उचल घेतली. चित्रातून जहाज निघते, तर शब्दांतून का निघू नये? मी मराठीचा मास्तर. माझ्यापाशी शब्दांखेरीज दुसरे भांडवल नाही.

गुराबेविषयी शब्द मुख्यतः दोन ठिकाणी मिळतात. पहिले ठिकाण आपल्या घरचे, रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’. १७१५च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नसाव्यात, फार लहानही नसाव्यात. वाऱ्यावाचून ज्यांचे काही चालत नाही अशी अवजड जहाजे करू नयेत. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, असा तपशील अमात्य देतात. पुढे लाकडांविषयीचा त्यांचा उपदेश तर प्रत्येक वखारवाल्याने भिंतीवर लावावा असा आहे. सागवान वगैरे राज्यातले लागेल ते परवानगीने तोडावे, पण आंबा-फणस तोडू नये. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे. जहाजाच्या प्रकरणात झाडाच्या मालकाच्या मनाचा विचार करणारा हा राजनीतिज्ञ मला फार मोठा वाटतो.

दुसरे ठिकाण परक्याचे. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली छापलेल्या इतिहासात आंग्र्यांच्या गुराबेचे वर्णन केले आहे. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची, दोनांची १५० टनांची. नाळ लांब आणि टोकदार. ‘गुराब’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ कावळा. ती पुढे काढलेली चोच पाहिली की नाव पटते. या नाळेवर तक्तपोशी असे, पण तिला कडेचे कठडे नसत. का, तर समोरच्या लाटांत ही लांब चोच वरचेवर पाण्यात बुडे. कठडे नसले म्हणजे आलेले पाणी दोन्ही बाजूंनी मोकळे वाहून जाई. चोचीच्या मागे आडवी लाकडी भिंत, तिला दोन झरोके, आणि त्या झरोक्यांतून थेट समोर रोखलेल्या दोन मोठ्या तोफा. वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबेला दोर लावून ओढीत आणि शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा थोड्या असत, तिथे नेऊन उभी करीत.

एवढ्या सामग्रीवर मी काम सुरू केले. अमात्यांचा मान राखून मध्यम गुराब घेतली: दोन डोलकाठ्या, लांबी शंभर फूट धरली. फुटाला पाव इंच हे प्रमाण ठेवले, म्हणजे प्रतिकृती पंचवीस इंचांची. या हिशेबाने नऊ इंच रुंदीची फळी दीड सुताची होते, आणि साडेपाच फुटी खलाशी सव्वा इंचाहून थोडा उंच भरतो.

दीड सुताच्या सागवानी पट्ट्या मी कुठून काढणार? म्हणून आमच्या गल्लीच्या टोकाला दुकान असलेल्या मिस्त्रींकडे गेलो. वय सत्तरीच्या घरात. पूर्वी बैलगाड्या, नांगर, तिफणी करीत. आता दारे, खिडक्या आणि फ्लॅटमधली स्वयंपाकघराची कपाटे करतात. मुलगा औद्योगिक वसाहतीत एका लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहे. मी कागद पसरून सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “सर, हे पाण्यात सोडायचं हाय का?”

“नाही मिस्त्री, पुस्तकांच्या कपाटावर ठेवायचं.”

“मंग बुडायची भीती नाई,” ते म्हणाले आणि त्यांनी रंधा उचलला.

जहाजाचा कणा म्हणजे पठाण. तो सरळ सागवानाचा काढला. पठाणावर दोन्ही अंगांनी फासळ्या चढतात, त्यांना वांक म्हणतात. हे वांक प्लायवूडमधून करवतीने कापून घ्यावेत, असा माझा बेत होता. घरगुती प्रतिकृतींत बहुतेक तसेच करतात. मिस्त्रींनी माझ्या कागदावरच्या बाकदार आकृत्यांवरून बोट फिरवले आणि मान हलवली.

“वाकडं पाह्यजे तर वाकडंच झाड पाहावं, सर. सरळ लाकूड कापून वाकडं केलं की त्याची शीर तुटती. शीर तुटली की जोर आला का तिथंच मोडतं. नांगराचं लाकूड आमी असंच बघायचो. आमचे वडील बांधावरची बाभळ उभी असतानाच हेरून ठेवायचे. म्हणायचे, ह्या झाडात नांगर हाय.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. सागरी बांधणीवरच्या पुस्तकांतून मी नेमके हेच वाचले होते, की जहाजाचे वांक नैसर्गिक वळणाच्या लाकडातून निवडीत, म्हणजे लाकडाचा तंतू वळणाबरोबर अखंड राहतो आणि लाटेचा मार सोसतो. कोकणातल्या जहाजबांधणाऱ्या सुताराची ही विद्या जालन्याच्या मिस्त्रींच्या हातात नांगराच्या वाटेने आलेली होती. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. चार दिवसांनी ते बाभळीच्या आणि बोरीच्या बोटभर जाडीच्या वाकड्या फांद्यांची जुडी घेऊन आले. माझ्या गुराबेचे सगळे वांक त्या जुडीतून निघाले आहेत.

येथे मराठीच्या मास्तरला एक शब्दाची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर. उच्चार एक, अक्षरे एक. पण शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’ शब्दावरून आला, तर समुद्रातला नांगर फारसी ‘लंगर’ शब्दावरून. एक जमिनीतून वर आला, एक पाण्यातून काठाला लागला, आणि मराठीच्या ओसरीवर दोघे एकाच नावाने नांदू लागले. वर्गात मी हे कितीदा तरी सांगितले असेल. पण शब्दांच्या मागे हातही एकच असू शकतो, हे मला मिस्त्रींच्या दुकानात कळले.

मग फळ्या. दीड सुताची पट्टी गरम पाण्यात भिजत घालायची, तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वळवायची, वांकांना टाचण्यांनी टाचून वाळू द्यायची आणि मग सरसावर बसवायची. नाळेकडे जहाजाचा घेर आटत जातो, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती तासावी लागते. शिवाय एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे लावायची. एकच बाजू भरत गेले तर सरस वाळताना पठाण त्या अंगाला ओढला जातो. मिस्त्री म्हणाले, “बैलजोडीवानी हाय हे. एकट्यालाच चारून भागत नाई.” कॉलेज सुटल्यावर रोज तास-दीड तास, असे हे काम पावसाळा लागेपर्यंत चालले.

दोर मात्र मी माझे मीच वळले. चऱ्हाट वळण्याची रीत लहानपणी गावाकडे पाहिलेली होती: तीन पदरांना वेगवेगळा एका अंगाने पीळ द्यायचा आणि तिघांना एकत्र करताना उलट्या अंगाने. दोन्ही पीळ एकमेकांना उकलू देत नाहीत, म्हणून दोर टिकतो. जाड दोरासाठी शिवणाचा दोरा मेण लावून वळला. शिडांसाठी मांजरपाट चहाच्या पाण्यातून काढला. डोलकाठीवर आडवे परबाण चढले आणि शीड बांधले, त्या दिवशी सौ.ने भुशाचा विषय कायमचा सोडून दिला.

सर्वांत शेवटी तोफा. आडव्या भिंतीच्या झरोक्यांतून त्या दोन तोफा समोर रोखून बसवताना एक विचार मनात आला आणि तो अजून जात नाही. या जहाजांचा शेवट कसा झाला? फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार एकमेकांना बांधून उभे होते. समुद्राकडून ॲडमिरल वॉटसन, जमिनीवर क्लाइव्ह. आणि त्यांच्याशी करार करून या मोहिमेत सामील झालेले आमचे पेशवे. वॉटसनच्या ताफ्यातून सुटलेला एक गोळा एका जहाजावर फुटला, आग लागली, आणि या जहाजावरून त्या जहाजावर जात तिने सगळे आरमार भस्म केले. कान्होजी आंग्र्यांनी ज्याच्या बळावर १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनाही कुलाब्याहून माघारी लावले, ते आरमार काही तासांत राख झाले. जाळणाऱ्यांच्या पक्षात आम्हीच होतो. तुळाजीचे वर्तन कसे होते, पेशव्यांचा नाइलाज किती होता, यावर आमचे इतिहासाचे मित्र तासभर बोलू शकतील. पण राखेला पक्ष नसतो.

आणि त्या राखेत जहाजांबरोबर आणखी एक गोष्ट गेली. ज्या सुतारांनी गुराबा बांधल्या, त्यांच्या विद्येचा ग्रंथ आपल्यापाशी नाही. अमात्यांनी गुराब केवढी असावी ते लिहिले, कारण ते कारभारी होते. नाळेला कठडे का नसतात, ते ऑर्मने लिहिले. तो जाळणाऱ्यांच्या बाजूचा होता. बांधणारा सुतार या झाडात वांक आहे म्हणाला, त्याने तो बसवला आणि तो गेला. ज्यांना बांधता येत होते त्यांनी लिहिले नाही, आणि आम्हां लिहिता येणाऱ्यांना त्यांच्या शेजारी बसून विचारावेसे वाटले नाही. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. पठाण म्हणजे काय आणि परबाण कशाला म्हणतात, हे पाहायला आजही मी तोच उघडतो. आपल्या सुतारांचे शब्द आपण एका गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याकडून उसने घेतो, यातला उपरोध मराठीच्या प्राध्यापकाला बोचावा, निदान मला बोचला.

म्हणून गेल्या आषाढापासून मी एक दोनशे पानी वही केली आहे. मिस्त्री बोलतात, मी लिहितो. वाकस, किकरे, सामता, गुण्या, मोगरी ही हत्यारे झाली. कुसू कशाला म्हणतात, ते भोकात किती ढिले ठेवायचे, पावसाळ्यात लाकूड फुगते त्याची जागा कशी सोडायची. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून का चढवतात. बोरीचे लाकूड कुठे चालते आणि लिंबाचे कुठे. ‘ह्या झाडात नांगर आहे’ हे वाक्य पहिल्या पानावर आहे. मिस्त्रींना प्रथम याचे हसू आले. “सर, हे लिहून काय करता? आता नांगर कोण करतंय? टॅक्टर आले.” लाकडी नांगराची शेवटची मागणी त्यांच्याकडे येऊन बरीच वर्षे झाली. मुलाला हे शिकायचे नाही, आणि त्याचे काही चुकते असेही नाही. कारखान्यात महिन्याच्या महिन्याला पगार होतो. पण गेल्या महिन्यात मिस्त्री आपण होऊन घरी आले. बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “तिफणीचं राह्यलं लिहायचं.” त्या संध्याकाळी आम्ही सात पाने लिहिली.

गुराब आता पुस्तकांच्या कपाटावर आहे. पाहुणे येतात, तोफा मोजतात, शिडाला बोट लावून पाहतात. लहान मुले हटकून विचारतात, की ही चालते का? मी त्यांना नाळेवरचे कठडे नसलेले तक्त दाखवतो आणि समोरून मोठी लाट आली तर पाणी कुठून जाईल, असे उलट विचारतो. बहुतेकांना उत्तर येते. मोठ्यांपेक्षा लवकर येते.

वाचकहो, तुम्ही सगळ्यांनी जहाजे बांधावीत असे माझे म्हणणे नाही. भुशाचा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहील. पण दिवाळीच्या सुटीत पुष्कळजण गावाकडे जाल. तिथे एखादा म्हातारा सुतार असेल, लोहार असेल, चऱ्हाट वळणारा असेल, विहीर बांधणारा असेल. फराळाचे ताट घेऊन त्याच्याकडे जा आणि खिशात एक वही-पेन्सिल असू द्या. विचारायचे काय, हे सुचले नाही, तर त्याच्या हातातल्या हत्याराकडे बोट दाखवून एवढेच विचारा, याला काय म्हणतात? पुढचे तो सांगेल.